पिकअपमधून स्वस्त पशुखाद्य घेऊ नका: आमचे ३०,५०० रुपये आणि एक पाडी गेली

गोव्यातल्या सत्तरी-डिचोलीत दारोदार फिरणाऱ्या पिकअपवाल्याकडून पशुखाद्य घेतलं असेल, तर आधी गुरांपुढची टोपली उचला आणि मग हे वाचा.

आमच्याकडे त्याने पंचवीस पोती उतरवली. पन्नास किलोचं पोतं १,२२० रुपयांना. तेच नाव छापलेलं पोतं दुकानात १,४८० ला मिळतं. ३०,५०० रुपये रोख मोजले, वर हमालीचे ५००. "चवथीला भाव चढणार वहिनी, आताच भरून ठेवा," हे एकच पालुपद. बिल मागितलं तर वहीतलं पान फाडून दिलं. ही माणसं कशी गोड बोलतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पहिलं पोतं उघडलं तो क्षण मात्र डोक्यातून जात नाही. तोंडाला यंत्राची शिवण नव्हती, हाताने घातलेले सुतळीचे टाके होते. आतलं खाद्य ढेकळं धरलेलं. एक ढेकूळ फोडलं तर हिरवट धूळ उडाली आणि कुबट वास नाकात गेला. तो माणूस अजून अंगणातच उभा होता! त्याला दाखवलं. म्हणाला, "पावसात असंच होतं, एक ऊन द्या, जाईल." आमच्याकडे जुलैत भिंतींनासुद्धा बुरशी येते. तांदूळ, मिरच्या, पापड, सगळ्याला आपण ऊन दाखवतोच. माझ्या जागी कुणीही असतं तरी त्याला ते बोलणं पटलंच असतं.

ऊन दिल्यावर बुरशी दिसेनाशी होते, वासही जातो, पण तिने तयार केलेलं विष खाद्यात राहतं. मका, शेंगदाणा पेंड, सरकी पेंड यांना ओल लागली की अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते आणि तिच्यापासून अफलाटॉक्सिन होतं. डॉक्टरांनी हे सांगितलं तोवर म्हशीने खाणं सोडलं होतं, दूध निम्म्यावर आलं होतं आणि पाडी मेली होती. वासरांना हे विष मोठ्या जनावरांपेक्षा लवकर बाधतं, यकृतच धरतं. औषधपाण्याला ६,३४० रुपये गेले, खासगी प्रयोगशाळेला ३,८००. अहवालात अफलाटॉक्सिन बी-१ किलोमागे ८६ मायक्रोग्रॅम निघालं. भारतीय मानक ब्युरोची पशुखाद्याची मर्यादा २० आहे.

आणि दूध? पोटात गेलेल्या विषाचा काही अंश एम-१ या रूपात एका दिवसातच दुधात उतरतो. कितीही उकळा, जात नाही. दुधासाठी कायद्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम. हेच दूध माझा नातू पीत होता. अफलाटॉक्सिनमुळे माणसाला यकृताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत असाच बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती.

अहवाल घेऊन एका कार्यालयात गेले. तिथे म्हणाले, माणसांचं अन्न असेल तरच आमच्याकडे या. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, आम्ही जनावर तपासतो, व्यापारी नाही. पोलिसांनी विचारलं, गाडीचा नंबर आहे का? नंबर दिला, तर म्हणाले, हा पैशांचा व्यवहार आहे, कोर्टात जा. शेवटी एका साहेबांनी माझा अहवालच बाजूला सारला: नमुना सरकारी माणसाने घेतलेला नाही, म्हणून तो चालणार नाही. मग पाठवा ना तुमचा माणूस! गोठा दाखवते, पोती दाखवते. कोणी फिरकलं नाही. ज्या विषाने जनावर मरतं आणि जे दुधातून मुलाच्या पोटात जातं, ते कुणाच्याच टेबलाचं काम नाही? दूध पातळ निघालं तर आम्हाला धारेवर धरतात, आणि हा माणूस आज दुसऱ्या गावात पोती उतरवत असेल.

पोत्यावर बॅच नंबर आणि तारीख नसेल तर गाडीतून उतरवूच देऊ नका. पैसे बँकेतून द्या, रोख नको. पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळ्या घाला. ढेकूळ दिसलं की तेवढंच काढून बाकीचं वापरायचं नाही, सबंध पोतं बाद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा.

माझ्याकडची उरलेली पोती मी बांधून वेगळी ठेवली आहेत, फेकलेली नाहीत. तुमच्याकडे त्याचा माल असेल तर तुम्हीही ठेवा. तक्रारदार वाढले तर नमुना घ्यायला कुणाला तरी यावंच लागेल. तोवर तो माल कोंबड्या-बदकांपुढेही टाकू नका. बदकं तर या विषाने फार लवकर मरतात.