छोटा ओटीजी, सहा साच्यांचा ट्रे आणि केळ्याचे मफिन: नऊ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीत नानकटाईच्या निमित्तानं १८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, घरात आला. नानकटाई दोनदा झाली. त्यानंतर त्यात जे काही भाजलं गेलं ते जवळपास सगळं मुलांच्या डब्यासाठी. थोरला तिसरीत, धाकटी मोठ्या शिशुवर्गात, आणि शाळेचा नियम असा की छोट्या सुट्टीत पाकीटबंद काही आणायचं नाही. मोठ्या सुट्टीला पोळी-भाजी ठरलेली; छोट्या सुट्टीला रोज काय द्यायचं या प्रश्नानं आमचं निम्मं भांडण व्हायचं. ते आता होत नाही, एवढं श्रेय यंत्राला आधीच देऊन टाकतो.

पहिला महिना मात्र वैतागाचा गेला. मफिन वरून करपलेले, मधोमध ज्वालामुखीसारखे फुटलेले, आणि आत कच्चं पीठ. मी कृतीला दोष देत राहिलो. शेवटी ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला, तेव्हा कळलं: बटण १८० वर, आतलं तापमान २०५! कंपनीचं नाव घेत नाही, कारण शेजाऱ्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या ओटीजीत हाच थर्मामीटर ठेवला तर तो उलट १५ अंशांनी थंड निघाला. छोट्या ओव्हनचं बटण म्हणजे अंदाजपंचे. आता मी काटा १५० आणि १६० च्या मध्ये ठेवतो आणि आत बरोबर १८० मिळतात. ट्रे खालच्या खाचेत, कारण वरची कांडी फार जवळ येते. मागची उजवी बाजू जास्त तापते, म्हणून चौदाव्या मिनिटाला ट्रे फिरवायचा. एकूण २० ते २२ मिनिटं.

आमचं माप असं: कणीक २०० ग्रॅम, सोललेली पिकलेली केळी ३०० ग्रॅम, गुळाची पूड ९०, दही १००, तेल ७० मिली, बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ. अंडं नाही, कारण आई खात नाही आणि नसल्यानं काही अडतही नाही. दह्याचा आंबटपणा सोड्याला पुरतो. यात बारा होतात. केळी सालीवर काळे ठिपके पडलेली, हाताला बिलबिलीत लागणारी हवीत. पिवळीधमक केळी घेतली तर मफिन होतात, पण त्यांना केळ्याची चव येत नाही.

खरी गंमत ढवळण्यात आहे. आईची सवय जुन्या केकची: कुकरमध्ये वाळू, आणि पीठ एकाच दिशेनं हात दुखेपर्यंत फेटायचं. तिनं एकदा प्रेमानं दहा मिनिटं फेटून दिलं. मफिन उंच झाले, पण कापल्यावर आत उभे बोगदे पडलेले आणि चावायला रबरासारखे. पोळीची कणीक मळताना जो चिवटपणा आपल्याला हवा असतो, तोच इथे नको असतो. कोरडं वेगळं, ओलं वेगळं, मग एकत्र करून मोजून बारा-पंधरा वेळा चमचा फिरवायचा आणि हात मागे घ्यायचा. थोड्या गुठळ्या दिसतात, दिसू द्यायच्या.

सहा साच्यांच्या ट्रेचा एक त्रास विकत घेताना कुणी सांगत नाही. या ओव्हनमध्ये बाराचा ट्रे मावत नाही, म्हणजे दोन घाणे. पहिला घाणा भाजला जाईस्तोवर उरलेल्या पिठातला सोडा दह्याशी भिडून आपलं काम संपवून बसतो आणि दुसरे सहा बसकेच निघतात. उपाय सोपा: कोरडं आणि ओलं दोन्ही निम्मं बाजूला ठेवायचं आणि दुसरा घाणा भरायच्या क्षणी मिसळायचं. हे सुचायला मला तीन महिने लागले. विजेचं म्हणाल तर १३०० वॅटचा ओव्हन, तापवण्यासकट पाऊण-एक तास, म्हणजे दोन घाण्यांना फार तर एक-सव्वा युनिट.

आता फळं. आम्ही नाशिककर, म्हणून फेब्रुवारीत द्राक्षांचा मोह झाला. अर्धी चिरून घातली, सगळी तळाशी गेली, पाणी सुटलं, बूड गिच्च. त्यापेक्षा बेदाणे दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून घातले की झालं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचीही तीच तऱ्हा, पण बारीक चिरून, पिठात घोळवून, फक्त वरून पेरली तर चालते. सफरचंद सालीसकट किसून, हलकं पिळून, दालचिनीबरोबर फार छान. केळ्यानंतर आमच्याकडे त्याचाच नंबर. चिकूचेही बरे होतात, गूळ मात्र निम्मा करावा. हापूसचे एकदाच केले. सुगंध उडून गेला, उरला नुसता पिवळा गोडवा, आणि बायकोनं विचारलं की आंब्यानं तुझं काय वाकडं केलं होतं. जूनमधले जांभळाचे तर विसरता येणार नाहीत. कच्चं पीठ सुरेख जांभळं होतं, मुलं खूश. भाजून निघाले ते ओल्या सिमेंटच्या रंगाचे, कडेला हिरवट. जांभळाचा रंग आंबटात टिकतो, सोड्याच्या संगतीत निळा-हिरवा होतो. चव वाईट नव्हती, पण धाकटीनं हात लावला नाही.

सकाळी ताजे करून देण्याचं स्वप्न बघू नका. आमची व्हॅन पावणेसातला येते. मी रविवारी संध्याकाळी करतो, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरतो. गरम भरले की झाकणाचं पाणी उलट त्यांच्यावरच पडतं. हिवाळ्यात तीन दिवस बाहेर टिकले. पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी बुरशीचे पांढरे ठिपके दिसले आणि अख्खा डबा फेकावा लागला. तेव्हापासून दोन दिवसांचे बाहेर, बाकीचे फ्रीजरमध्ये. सकाळी गोठलेला मफिन तसाच डब्यात टाकला तरी साडेनऊच्या सुट्टीपर्यंत मऊ होतो. यासाठीच लोण्याऐवजी तेल. लोण्याचे गार झाले की दडस लागतात.

पौष्टिक वगैरे मी म्हणणार नाही. गूळ म्हणजेही साखरच. एका मफिनमध्ये साडेसात ग्रॅम, शिवाय केळ्याची गोडी वेगळी. आठवड्यातून तीनदा, तेही छोट्या सुट्टीला, इतकंच ठेवलंय. न्याहारीला नुसता मफिन दिला तर थोरला अकरालाच भुकेजतो, म्हणून सोबत दूध किंवा मूठभर शेंगदाणे.

तक्रारी सांगायच्या तर टायमर. पाच-सात मिनिटं लावायची असतील तर आधी विसाच्या पुढे फिरवून मागे आणावा लागतो, नाहीतर घंटाच वाजत नाही. दाराच्या काचेवर तेलाचा पिवळा पापुद्रा बसलाय, तो काही केल्या जात नाही. आणि जुलैत दहाव्या मिनिटाला वीज गेली, तासाभरानं आली. त्या सहा मफिनांचं काय झालं ते विचारू नका, दारातल्या मांजरानंही नुसतं हुंगलं.

ओव्हन ठेवणार आहे. ट्रे मात्र बदलावा लागेल. सुरुवातीला चिकटलेले मफिन मी सुरीनं खरवडून काढले, त्यात दोन साच्यांचा काळा लेप निघाला. सध्या त्या दोन खळग्यांत कागदी वाट्या घालतो, आणि कागदाला चिकटलेला चुरा दातांनी ओरबाडायला मिळतो म्हणून पोरांना नेमके तेच दोन हवे असतात.