जुन्या गाडीचे दोन हिवाळे आणि लॅनोलिनचा लेप

जुनी मोटार भर हिवाळ्यातही रोज चालवतो असे सांगितले की पहिला प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे सकाळी ती सुरू होते का. होते. माझी गाडी १९६८ सालची आहे; चार दारांची, मागच्या चाकांवर चालणारी, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि थंडीत सुरू करताना ते मिश्रण दाट करणारा, हाताने ओढायचा चोक असलेली. बॅटरी ठणठणीत आणि प्लग स्वच्छ असले, शिवाय इंजिनात हिवाळ्याला मानवेल इतके पातळ तेल असले, तर शून्याखाली दहा अंशांतही ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुरू होते. थंडीने जुन्या गाड्या संपत नाहीत. त्यांना संपवते ते बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ, आणि तेही अशा जागी जिथे मालकाची नजर वर्षानुवर्षे पोहोचत नाही. म्हणून या गाडीसाठी घेतलेल्या सर्व वस्तूंपैकी सर्वांत जास्त विचार मी एका डब्यावर केला. त्या डब्यात लॅनोलिनचा गंजरोधक लेप होता. त्याच्या भरवशावर दोन पूर्ण हिवाळे आणि सुमारे १४,००० किलोमीटर काढल्यानंतर हा अभिप्राय लिहितो आहे.

लेपाबद्दल बोलण्याआधी त्याला कोणाशी झुंजायचे असते ते सांगणे आवश्यक आहे. रस्त्यावर टाकतात ते बहुतेक ठिकाणी साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड असते. पारा फार खाली गेला की त्याचा प्रभाव मंदावतो, म्हणून अधिक कडक थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. हे दोन्ही क्षार हवेतला ओलावा स्वतःकडे ओढून घेतात. त्यामुळे रस्ता कोरडा दिसत असला, आकाश निरभ्र असले, तरी गाडीच्या पोटाशी चिकटलेला थर ओलसरच राहतो. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे आणि खारट पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे साध्या पावसाने पत्र्याला जे नुकसान पोहोचायला कित्येक वर्षे लागतील, ते मीठ काही हिवाळ्यांत करून टाकते. त्यातून १९६०-७०च्या दशकांतल्या बहुसंख्य गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा नसतो. रंग निघाला की थेट उघडे पोलाद. शिवाय माझ्या गाडीला वेगळी चासी, म्हणजे बॉडी पेलणारा खालचा सांगाडा, नाही. दारांखालून पुढून मागे जाणारी पोकळ पेटी, म्हणजे सिल, हाच तिचा कणा आहे. बाहेरून रंग चकाकत असताना हा कणा आतून पोखरला जाऊ शकतो. अशा गाडीच्या बाबतीत कुठेतरी पाणी मुरते आहे, हे अक्षरशः खरे असते.

लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारा मेणचट, स्निग्ध पदार्थ. मेंढीची लोकर ऊन-पावसात भिजून कुजू नये यासाठी निसर्गाने केलेली ही सोय मलमांत आणि सौंदर्यप्रसाधनांत पूर्वीपासून वापरली जाते. धातूवर लावल्यावर ती वाळून कडक होत नाही आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. कडक न झाल्यामुळे ती तडकत नाही. दगड लागून ओरखडा पडला तरी आजूबाजूचा थर हळूहळू सरकून तो भाग पुन्हा झाकतो. पत्र्यांचे जोड, स्पॉट-वेल्डिंगमधल्या फटी, दुमडलेल्या कडा अशा जागी ती केशाकर्षणाने आपोआप शिरते. मेणाचे लेपही चांगले असतात, हाताला कमी चिकटतात आणि अधिक नीटनेटके दिसतात. परंतु वाळल्यावर त्यांच्यावर साय धरते आणि त्या सायीला चीर पडली की तिथून ओल आत जाते. वर्षातून मोजके दिवस बाहेर निघणाऱ्या गाडीसाठी मी मेण निवडले असते. रोज मिठातून जाणाऱ्या गाडीसाठी नाही.

या दोघांपेक्षा वेगळा, आणि माझ्या मते घातक, प्रकार म्हणजे काळा, जाड, रबरासारखा डांबरी लेप. आधीच्या कुठल्या तरी मालकाने माझ्या गाडीच्या पोटाला तो भरपूर फासला होता. गाडी जॅकवर घेऊन टेकू लावले, पाठीवर झोपून दिवा धरला, तेव्हा सर्व काही एकसंध काळे आणि मजबूत दिसत होते. मागच्या डाव्या चाकाच्या कमानीत पटाशीचे टोक एका बारीक चिरेत घातले आणि जरा उचलले, तर तळहाताएवढा तुकडा पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. त्याच्या आतल्या बाजूला तपकिरी भुकटी आणि चक्क ओल होती, तीही आठ दिवस गाडी छपराखाली कोरडी उभी असताना. लेपाने पाणी बाहेर अडवले नव्हते, आत कोंडून ठेवले होते. तो सगळा काळा थर खरवडायला मला चार दिवस लागले, दोन ठिकाणी पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्यावा लागला, आणि त्यानंतरच नवा डबा उघडला. वेल्डिंगचे सर्व काम आधी उरकावे. तेलकट लेप लावलेल्या पोकळीत नंतर वेल्डिंग केले तर आग लागण्याचा धोका खरा असतो.

लेप लावण्याचे काम अवघड नाही, पण त्यात घाई चालत नाही. पोट गरम पाण्याने धुऊन, तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून, गाडी चांगली दोन दिवस वाळू दिली. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे डबा कोमट पाण्यात ठेवून पातळ केला आणि कॉम्प्रेसरला जोडलेल्या पिचकारीने फवारला. पोकळ भागांसाठी लांब लवचीक नळी येते, जिच्या टोकाच्या नोझलमधून सर्व बाजूंना तुषार उडतात. ती नळी सिलच्या पार पुढच्या टोकापर्यंत सरकवायची, दाबायची आणि सावकाश मागे ओढत आणायची. काम नीट झाल्याची खूण अशी की काही मिनिटांनी सिलच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेल्या बारीक भोकांतून मधाच्या रंगाचे थेंब एकेक करून गळू लागतात. ज्या भोकातून थेंब आला नाही, तिथे एकतर लेप पोहोचलेला नसतो किंवा भोक मातीने बुजलेले असते. माझ्याकडे उजव्या बाजूची दोन भोके बुजलेली निघाली. तारेने ती मोकळी केली तेव्हा आधी ओला गाळ बाहेर आला. ही भोके लेपानेही बुजता कामा नयेत, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येकात काडी घालून पाहिली.

मध्यम आकाराच्या माझ्या गाडीला पोट, सिल, दारांचे आतले तळ आणि डिकीचे कोपरे मिळून सुमारे पाच लिटर माल लागला. ब्रेकच्या डिस्क, ड्रम आणि सायलेन्सर आधी कागद व चिकटपट्टीने पूर्ण झाकून घेतले. ब्रेकवर या पदार्थाचा एक थेंबही जाऊ देऊ नये. सांध्यांमध्ये बसवलेले रबरी बुशही मी झाकले, कारण फवारण्याजोगा पातळ करण्यासाठी लेपात मिसळलेला द्रावक जुन्या रबराला मानवेलच असे नाही. ब्रेकच्या पोलादी नळ्यांना मात्र मुद्दाम हाताने चोळून लावला. मिठाने सर्वांत आधी जीव घेतला जातो तो याच नळ्यांचा.

आता निकाल. पहिल्या हिवाळ्यानंतर सिलच्या आत कॅमेऱ्याची नळी घालून पाहिले तेव्हा थर जसाच्या तसा होता, ओलसर आणि चकचकीत. दुसऱ्या हिवाळ्यानंतर वरच्या अंगाला तो किंचित विरळ झालेला दिसला; तळाशी, जिथे गंजाचा मुख्य धोका असतो, तिथे तो उलट साठून राहिला होता. नवा गंज कुठेही नव्हता. जुन्या गंजाचे जे डाग मी ब्रशने पुरते काढू शकलो नव्हतो, ते गडद होऊन तिथेच थांबले होते, पसरले नव्हते. दारांच्या तळाशी आणि डिकीच्या कोपऱ्यांतही हेच चित्र होते. पोकळ भागांसाठी मी या लेपाला निःसंकोच पूर्ण गुण देतो.

चाकांच्या कमानींत मात्र तो उघड कमी पडला. पुढच्या चाकांच्या मागे, जिथे टायर पाणी, खडी आणि बर्फाचा चिखल थेट फेकतो, तिथला थर पहिल्याच हिवाळ्याच्या मध्यावर धुऊन गेला होता. बोट फिरवले तर ते कोरडे आणि पांढरट मीठ लागलेले निघाले. लेप वर्षभर टिकतो, हे डब्यावरचे म्हणणे या जागेपुरते मान्य करता येत नाही. दुसऱ्या वर्षी तिथे त्याच पदार्थाचा अधिक घट्ट प्रकार लावला आणि हिवाळ्याच्या मध्यावर एकदा हात फिरवला. तेव्हा तो टिकला. म्हणजे चाकांच्या कमानींसाठी वर्षातून दोनदा वेळ काढण्याची तयारी हवी.

त्रासही नमूद करतो. पहिले तीन आठवडे गाडीला ओल्या लोकरीचा वास येत होता आणि हीटर लावला की तो आत जाणवत होता. पोटाखाली धूळ चिकटते. खालचे कोणतेही काम काढले की हात, पाने आणि कपडे सगळे चिकट होतात, आणि मेकॅनिकला आधी सांगून ठेवावे लागते. लेप पारदर्शक असल्यामुळे गाडीचे पोट काळ्या लेपासारखे नवेकोरे दिसत नाही. मला हाच त्याचा मोठा फायदा वाटतो, कारण खालचा पत्रा दिसत राहतो आणि काही बिघडू लागले तर ते लपत नाही.

एक उपयोग अनपेक्षित निघाला. उरलेला लेप मी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीवर, जोड घासून घट्ट केल्यानंतर, वरून लावला. जुन्या गाडीत मंद दिवे आणि रेंगाळणारा स्टार्टर यांचे मूळ बरेचदा याच गंजलेल्या जोडांत असते. हिवाळ्यात तर आधीच तंगी असते. थंडीने बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी दाट झालेले तेल इंजिन फिरवायला जास्त जोर मागते. चालत्या इंजिनावर वीज तयार करायला माझ्या गाडीला अलीकडच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही, जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे, आणि तो मंद गतीला जवळपास काहीच वीज देत नाही. संध्याकाळच्या रखडलेल्या वाहतुकीत दिवे, हीटरचा पंखा आणि वायपर एकदम चालू असले की बॅटरी भरण्याऐवजी रिकामी होत जाते. यावर आठवड्यातून एकदा रात्रभर चार्जर लावणे हाच उपाय आहे. जोड स्वच्छ आणि हवाबंद असले तर तेवढे पुरते, हे दोन हिवाळ्यांत अनुभवले.

लेपाने जे साधणार नाही तेही ध्यानात ठेवावे. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे ठेवले तर ते साधारण −३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसते ग्लायकॉल भरणे ही चूक आहे, कारण शुद्ध एथिलीन ग्लायकॉल −१३ अंशांच्या आसपासच गोठते. कार्बोरेटरमध्ये बर्फ धरण्याचा त्रास कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा शून्य ते दहा अंशांच्या दमट हवेत जास्त होतो: गाडी धापा टाकत बंद पडते आणि पाच मिनिटे उभी केली की काही झालेच नाही अशी चालू लागते. एअर फिल्टरचे तोंड एक्झॉस्टच्या बाजूला वळवण्याची सोय अनेक जुन्या गाड्यांत मुळातच दिलेली असते, ती वापरावी. टायर हिवाळ्याचेच हवेत. सात अंशांखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत चाके घसरू लागली की सावरणारे आपणच असतो.

लेपाच्या जोडीला धुण्याची सवय नसेल तर हा डबा विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पारा शून्याच्या वर गेलेल्या प्रत्येक आठवड्यात मी एकदा कमी दाबाच्या पाण्याने पोट आणि चाकांच्या कमानी खळखळून काढतो. जास्त दाबाचे पाणी लेपही घेऊन जाते. मीठ लागलेली गाडी तशीच उबदार गॅरेजमध्ये नेऊन ठेवणे हे प्रेमापोटी केले जाणारे सर्वांत मोठे नुकसान आहे. ऊब मिळाली की बर्फ वितळून खारट पाणी प्रत्येक फटीत उतरते आणि वाढलेल्या तापमानात गंजण्याचा वेगही वाढतो. थंड पण वाऱ्याची जागा, वर नुसते छप्पर, हे तिला अधिक मानवते.

वर्षातून एक मोकळा शनिवार-रविवार देण्याची, पाठीवर झोपून काम करण्याची आणि कपडे खराब होऊ देण्याची तयारी असलेल्याने हा लेप जरूर घ्यावा. पोटाला काळा डांबरी थर असेल तर तो काढल्याशिवाय वरून हा फवारणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. माझ्याकडे दीड लिटर माल शिल्लक आहे. पुढच्या हिवाळ्याआधी चाकांच्या कमानी पुन्हा धुऊन त्यांना घट्ट प्रकारचा नवा हात द्यायचा आहे, आणि उजव्या सिलची ती दोन भोके या वेळी सर्वांत आधी तपासायची आहेत.