एअर रायफलमधला वाढलेला दाब आणि क्रोनोग्राफ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लातूरच्या आमच्या दहा मीटर रेंजसाठी मार्च महिन्यात बॅरलच्या टोकाला बसवायचा एक छोटा क्रोनोग्राफ घेतला आणि दिवाळीपर्यंत तो जवळजवळ रोज वापरात राहिला. छर्रा त्याच्या दोन संवेदकांमधून जातो आणि वेग पडद्यावर उमटतो, एवढेच त्याचे काम. तो घेण्यामागचा माझा हेतू मात्र रायफलच्या आतला दाब मर्यादेत आहे की नाही हे ओळखण्याचा होता, आणि हा अभिप्राय त्या कामापुरताच आहे.

हा दाब बाहेरून दिसत नाही. रायफलवरचा मॅनोमीटर सिलिंडरमधला दाब दाखवतो, जो पूर्ण भरल्यावर २०० बार असतो. छर्ऱ्याला ढकलणारी हवा मात्र रेग्युलेटरमधून, म्हणजे दाब उतरवून स्थिर ठेवणाऱ्या भागातून, आलेली असते आणि स्पर्धेच्या रायफलींमध्ये तिचा दाब मॉडेलनुसार ७० बारच्या आसपास ठेवलेला असतो. रेग्युलेटरची सीट, म्हणजे हवा अडवण्यासाठी घट्ट मिटणारी बैठक, झिजली किंवा तिच्यावर धुळीचा कण अडकला, की पुढच्या कप्प्यात हवा झिरपत राहते आणि रायफल नुसती स्टँडवर ठेवलेली असतानाही तिथला दाब चढत जातो. हवा रायफलच्या आतच राहत असल्याने साबणाच्या पाण्याने बुडबुडे शोधूनही काही सापडत नाही.

आमच्याकडे सराव करणारी एक मुलगी सांगत असे, “सर, थोडं थांबून मारलेला पहिला शॉट वर जातो, नंतरचे बरोबर येतात.” तिच्या उभे राहण्यात, श्वासात, ट्रिगरवरच्या बोटात कारण शोधणे साहजिक होते. क्रोनोग्राफ लावून सलग दहा छर्रे मारले, तेव्हा वेग सेकंदाला १७० ते १७१ मीटर असा स्थिर होता. पंधरा मिनिटे रायफल तशीच ठेवून पुन्हा मारला, तर पहिला छर्रा १७५ मीटरने गेला आणि दुसऱ्यापासून आकडा पूर्ववत झाला. दहा मीटरच्या प्रवासात १७० च्या वेगाने छर्रा सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो आणि १७५ च्या वेगाने सुमारे १६, म्हणजे फरक एका मिलिमीटरचा. टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दशांश गुणांची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची असताना हा एक मिलिमीटर ०.४ गुण खातो. त्या मुलीची तक्रार अगदी खरी होती आणि ती आकड्यांत दिसली याचे मला फार समाधान वाटले.

मात्र दाब वाढला म्हणजे वेग वाढलाच पाहिजे, असे एअर रायफलमध्ये गृहीत धरता येत नाही, आणि निदानातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे. ट्रिगर दाबल्यावर हॅमर, म्हणजे आतली स्प्रिंगची हातोडी, छर्ऱ्यामागे हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर आदळून तो उघडतो आणि हा ठोका ठरावीक ताकदीचा असतो. कप्प्यातला दाब प्रमाणाबाहेर गेला, की तोच दाब व्हॉल्व्हला मागून घट्ट दाबून धरतो, व्हॉल्व्ह कमी वेळ उघडतो आणि छर्रा उलट मंद सुटतो. आमच्या दुसऱ्या एका रायफलीत विश्रांतीनंतरचा पहिला छर्रा दर वेळी हळू जात असे. त्यावरून दाब कमी पडतो असे समजून रेग्युलेटरचा दाब वाढवला असता, तर दोष आणखी वाढला असता. म्हणून पहिला शॉट जलद की मंद हे पाहण्यापेक्षा तो नंतरच्या शॉट्सपेक्षा वेगळा आहे का, हे पाहावे. हीच चाचणी सिलिंडर १८० बारवर आणि पुन्हा १०० बारवर असताना करावी. दोन्हीकडे सलग मारलेल्या छर्ऱ्यांचा वेग सारखा आला नाही, तर रेग्युलेटर आपले काम नीट करत नाही असे समजावे.

बारूदाच्या रायफलीत हे गणित वेगळे असते. परदेशात हाताने काडतुसे भरणारे नेमबाज चपटा झालेला प्रायमर (बारूद पेटवणारी बुडाची टोपी), केसच्या म्हणजे काडतुसाच्या नळीच्या बुडावर उमटलेली इजेक्टरची (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाची) खूण आणि उघडताना जड जाणारा बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा दांडा) यांवरून जादा दाब ओळखू पाहतात. पण प्रायमर मऊ असला किंवा चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमागच्या काडतुसाच्या जागेत, काडतूस सैल बसत असले तरी तो चपटा होतो, आणि बोल्ट जड लागेपर्यंत दाब बहुधा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसासाठी युरोपीय मर्यादाच ४,१५० बारची आहे, तेव्हा चूक किती महाग पडेल ते उघड आहे. तिथेही क्रोनोग्राफ सर्वांत आधी बोलतो : तेवढ्याच लांबीच्या बॅरलमधून काडतुसे भरण्याच्या छापील तक्त्यापेक्षा जास्त वेग मिळाला, तर तो वाढीव दाबाशिवाय आलेला नसतो. आपल्याकडे काडतुसे तयार करणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याचा विषय आहे. त्यामुळे माझा प्रत्यक्ष अनुभव हवेपुरताच.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याचा मुद्दा वेगळा नोंदवायला हवा. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर ४२ अंशांच्या पत्र्याच्या शेडमध्ये साधारण २११ बारवर जातो आणि उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत ६० अंश झाले तर २२३ वर. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आम्ही १८० च्या वर भरत नाही आणि मुदत उलटलेला सिलिंडर तर भरतच नाही.

यंत्राच्या उणिवाही आहेत. त्याचे वजन बॅरलच्या टोकावर येत असल्याने नेम सरकतो, त्यामुळे ते लावून ग्रुप, म्हणजे छर्रे किती जवळजवळ लागतात ते, तपासू नयेत. दुपारचे तिरपे ऊन संवेदकात शिरले, की आकडे चुकतात किंवा येतच नाहीत. खिडकीला जाड पडदा लावल्यावर हा त्रास थांबला. ते किंचित तिरके बसले तर छर्रा घासण्याची भीती असते, म्हणून पहिला शॉट मारण्यापूर्वी बॅरलमधून उजेड पाहून ते सरळ बसल्याची खात्री करावी. साठवलेल्या नोंदी पुढच्या वापरात पुसल्या जातात, त्यामुळे प्रत्येक रायफलीची स्वतंत्र वही ठेवावी लागते. त्या वहीत छर्ऱ्याचा डबाही लिहावा, कारण डबा बदलला की वजन थोडे बदलते आणि वेगही.

एकच रायफल असलेल्या नेमबाजाला हे यंत्र स्वतः विकत घेण्याची गरज वाटत नाही. चार-पाच जणांनी मिळून घेतले तरी पुरते. रेंज चालवणाऱ्यांनी मात्र ते जरूर घ्यावे. दोष सापडल्यावर रेग्युलेटर घरी उघडू नये. सिलिंडर काढून, उरलेली हवा सुरक्षित दिशेने ट्रिगर दाबून सोडून, वहीतल्या नोंदींची प्रत जोडून रायफल जाणकार मेकॅनिककडे पाठवावी. आमच्या दोन्ही रायफली पुण्याहून नवी सीट बसवून आल्या आणि आता पंधरा मिनिटांच्या विश्रांतीनंतरचा पहिला छर्राही इतरांच्याच वेगाने जातो.