पेठ वडगावच्या उसातला कॅराव्हॅन तळ: जमीन पक्की, वीज कच्ची

पुणे-बेंगळुरू हायवेवर वाठारला उतरलं की पेठ वडगाव चार-पाच किलोमीटर, आणि कोल्हापूर तिथून वीसेक. गावाच्या शिवारात, चारी बाजूंनी ऊस असलेल्या पट्टीत, एका शेतकरी कुटुंबाने आठ कॅराव्हॅनचा, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाड्यांचा, तळ केला आहे. 2021 मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून गाडीवाले पाणी, वीज आणि मैला रिकामा करायची सोय एकाच जागी मिळण्याची वाट बघतायत. इथे तिन्ही आहेत, पण प्रत तिघांची वेगळी. कारण सरळ आहे. मालकाला शेती उत्तम कळते, गाडी कमी कळते. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातातली कामं फक्कड झालीत आणि जिथे वायरमन नि प्लंबर आले तिथे गडबड आहे.

आधी जमीन, कारण तीच या जागेची खरी कमाई. या भागातली काळी माती पाऊस पडला की लोण्यासारखी होते. तीन-साडेतीन टनाची मागच्या चाकावर चालणारी ट्रॅव्हलर (मिनीबस) तिच्यात एकदा बसली की स्वतःच्या ताकदीने निघत नाही, मागचं चाक फक्त खड्डा खोल करतं. इथे वरची काळी माती फूटभर काढून मुरूम भरलाय, पाणी मारून रोलर फिरवलाय, आणि मागच्या चराकडे बेताचा उतार ठेवलाय. अवकाळीची एक सर येऊन गेली तरी तासाभरात चाकाखाली चिखल राहत नाही. प्रत्येक जागा साधारण 20 बाय 35 फूट. लांब चॅसिसच्या ट्रॅव्हलरवर बांधलेली 23 फुटी गाडी लावून, बाजूची कनात (सावलीचं कापड) उघडून, पुढे दोन खुर्च्या टाकायला ती पुरते. उतार असल्यामुळे गाडीचं तोंड चराकडे केलंत तर पुढचा भाग दीडेक इंच खाली जातो. पुढच्या चाकांखाली इंच-दीड इंचाच्या दोन फळ्या घातल्या की काम भागतं. नाही घातल्या तर बाथरूमचं पाणी जाळीकडे न जाता उलट्या कोपऱ्यात साचतं. विटा घालू नका, भाजकी वीट गाडीच्या वजनाखाली फुटते.

आत येताना दोन गोष्टी सांभाळायच्या. फाटकाशी चरावर मोरी आहे आणि तिचा चढ एकदम उठतो. मागे सायकलचा स्टँड किंवा लांब बंपर असेल तर सरळ घेतल्यावर तो घासतोच. गाडी थोडी तिरकी घ्या, एक चाक आधी चढू द्या. दुसरी गोष्ट वरची. गोठ्याकडे जाणारी सर्व्हिस वायर ऐन वाटेवर लोंबते, मधोमध साडेअकरा फूट भरेल. छतावर एसी बसवलेली गाडी साडेनऊ-दहा फूट होते, म्हणजे ती निघते. पण कॅरिअरवर सामान बांधलेलं असेल तर एकाने खाली उतरून बघितल्याशिवाय पुढे घेऊ नये. घरचं कोणीतरी समोर येऊन उभं राहतंच. "या की पाव्हणं, घ्या सरळ, लागत न्हाई," असा भरवसाही मिळतो. भरवसा घ्या, आणि तरी खाली उतरून बघा.

आता वीज. मालक म्हणतो, प्रत्येक जागेवर 16 अँपियरचा पॉइंट आहे. आहे खरा. पण सगळ्या पॉइंटना मीटरपासून एकच केबल गेलीय, 10 चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची, आणि शेवटची जागा मीटरपासून 90 मीटरवर. जाऊन-येऊन या तारेचा रोध अर्ध्या ओहमहून थोडा जास्त पडतो. चार गाड्यांचे एसी चालू असले, म्हणजे 24 अँपियर धरा, तर शेवटच्या जागेवर 13 व्होल्ट तारेतच जातात. मुळात 230 येत असतील तर हे खपून जाईल, पण संध्याकाळी तेवढे येत नाहीत. तळाची लाइन शेतीच्या फीडरवरची नाही, त्यामुळे शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री सोडतात त्या आठवड्याच्या पाळीचा त्रास तिला नाही, हे चांगलं. पण डीपी (ट्रान्सफॉर्मर) दमलेली आहे. साडेसात ते दहा या वेळात पहिल्या जागेवर 195 च्या आसपास आणि आठव्यावर 180 च्या आसपास आकडा दिसतो. एवढ्या व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर उठत नाही. घूं घूं करतो, ओव्हरलोडवर पडतो, तीन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो. दोन-तीन रात्री असं झालं की कपॅसिटर जातो, मग दोष एसीच्या कंपनीला लागतो.

स्टॅबिलायझर लावून हा प्रश्न अर्धाच सुटतो. तुमच्या गाडीत 230 दिसतात, पण तेवढे करायला तो लाइनमधून जास्त करंट ओढतो आणि शेजारच्या गाडीचं व्होल्टेज आणखी पडतं. चौघांनी लावला तर चौघांचेही हाल. त्यापेक्षा वेळ बदला. दुपारी एक ते पाच लाइनला व्होल्टेज पुरेसं असतं. बॅटरी तेव्हा चार्ज करून घ्या, पाणी तेव्हाच तापवा. 12 व्होल्टची 200 अँपियर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे अडीच युनिट. फ्रीज, दोन पंखे, दिवे आणि मोबाइल रात्रभर त्यावर निघतात. एसी लागलाच तर दहानंतर. आणि एसी चालू असताना इंडक्शन लावू नये. 2000 वॉटची शेगडी एकटी 9 अँपियर खाते, एसीचे सहा, दोन्ही मिळून पॉइंटचा 16 चा एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) काठावर येतो. कॉम्प्रेसर सुरू होतानाच्या झटक्याने तो पडला की अंधारात बोर्डापर्यंत चालत जायचं.

पॉइंट साधा तीन-पिनी आहे, वर पत्र्याची टोपी. निळा इंडस्ट्रियल सॉकेट नाही. चारपैकी एखाद्या पॉइंटची आतली स्प्रिंग सैल झालीय. प्लग आत जाताना घट्ट वाटला नाही, तर जागा बदलून मागा. सैल सॉकेटमध्ये 10 अँपियर तासभर चालले की पिन काळी पडते आणि प्लग वितळायला लागतो. केबल तीन कोअरची, 2.5 चौरस मिलिमीटरची, 25 मीटर घ्या आणि रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेल्या केबलला उष्णता बाहेर टाकायला वाट मिळत नाही, आतली वेटोळी चिकटून बसतात.

अर्थिंग हा इथला सगळ्यात मोठा दोष, आणि तो डोळ्याला दिसत नाही. मुरूम पाणी धरत नाही, म्हणून मार्चनंतर अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये पाच व्होल्टच्या आत. फेज-अर्थला आकडा कमी किंवा लटपटता दिसला तर मालकाला सांगून खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालून घ्या आणि थोड्या वेळाने परत मोजा. गाडीत 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असायलाच हवा. त्याचं टेस्ट बटण दाबलं, तो पडला, म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असा समज बऱ्याच जणांचा असतो. ते बटण अर्थिंग अजिबात तपासत नाही, तार तुटलेली असली तरी आरसीसीबी त्याच थाटात पडतो.

पाण्याचे नळ दोन. गोठ्याकडचा बोअरचा, घराकडचा गावच्या नळपाण्याचा. बोअरचं पाणी जड आहे, किटलीत दोन दिवसांत पांढरा थर धरतं. ते गीझरमध्ये जाऊ देऊ नका, गाडी धुवायला ठेवा. शिवाय बोअरची मोटार शेतीच्या तीन फेजवर आहे. पाळी रात्रीची असेल तर दिवसा टाकी खाली होऊ शकते. तीन फेज आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटारी ऑटो स्टार्टरवर एकदम उठतात, त्या क्षणी तळावरचे दिवेही मिचकतात. दचकायचं काम नाही. गाडीची टाकी नळपाण्यानेच भरा, तीही सकाळी. नळपाण्याची टाकी जेमतेम दहा फूट उंचीवर असल्याने दाब नावापुरता. अर्धा इंची पाइपने 100 लिटर भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नळाला आटे आहेत, पण झिजलेले. दाबून बसवायचा रबरी कनेक्टर आणि एक क्लिप सोबत ठेवा, आणि पाइप पिण्याच्या पाण्याचा वेगळा. हिरवा बागेचा पाइप उन्हात तापला की पाण्याला रबराचा वास येतो आणि तो टाकीत महिनाभर राहतो.

मैल्याची सोय सेप्टिक टँकवर आहे. चार इंची पाइपवर झाकण, बाजूला धुवायला नळ. खाली काटकोनात वळवलेलं एल्बो बसवलंय, तिथे टिश्यू पेपर अडकतो. कॅसेट (गाडीच्या संडासाखालचा काढता येणारा मैल्याचा डबा) एकदम उलटी केलीत तर तोंडाशी उसळी येते. हळू ओता, मध्येमध्ये बादलीने पाणी सोडा. 20 लिटरची कॅसेट दोन माणसांना दोन-अडीच दिवस जाते, एप्रिल-मेमध्ये रोज रिकामी केलेली बरी. कॅसेटमध्ये निळं रसायन वापरत असाल तर ते इथे ओतू नका. फॉर्माल्डिहाइडवालं रसायन सेप्टिकमधले जिवाणू मारतं, मग टाकी पचवायचं थांबते आणि भरत जाते. मालक मोकळ्या मनाचा आहे, गर्दी असली की "गोबरगॅसमध्ये टाका की" असंही म्हणतो. तसं अजिबात करू नये. तिथलेही जिवाणू मेले तर घरची चूल काही आठवडे बंद पडेल, आणि पाव्हण्यांच्या कृपेने घरच्या बायकांना पुन्हा सिलिंडरची वाट बघावी लागेल. एन्झाइमचं द्रव किंवा नुसतं पाणी वापरा. भांड्यांचं सांडपाणी केळीच्या आळ्यात सोडायला परवानगी आहे. जाळीतून गाळून सोडा, तेलकट असेल तर नको.

हंगाम कोणता पकडायचा? हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नेमका तेव्हाच गळीत हंगामही भरात असतो. पहाटे चारला ऊसतोड्यांच्या बैलगाड्यांच्या घुंगरांनी जाग येते. ते ऐकायला छानच वाटतं. पण वडगाव रोडवर अंधारात ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या मागच्या लाइटशिवाय उभ्या असतात. सूर्य मावळायच्या आत पोहोचा. शेजारच्या रानात पाचट पेटवलं की काजळीच्या काड्या छतावर उतरतात. सोलर पॅनेल ओल्या फडक्याने पुसून घ्या, कोरडं घासलंत तर काचेवर ओरखडे पडतात. ऊस तुटला की त्यातले उंदीर नवीन घर शोधतात आणि गरम इंजिन त्यांना फार आवडतं. रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवून आत दिवा लावा, केबल शिरते तिथलं भोक जाळीने बुजवा. उंदरांमागून घोणस येते, म्हणून कनातीखाली चप्पल ठेवलीत तर झटकूनच घाला आणि रात्री टॉर्चशिवाय नळाकडे जाऊ नका.

पावसाळ्यात तळ बंद नसतो, पण जाऊ नये. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि वाहतूक थांबली. पातळी 39 कडे सरकायला लागली तर कोल्हापूरकडे जाण्याचा विचार सोडा, पुण्याकडची वाट धरा.

बाजाराला गाडी घेऊन जायचंच नाही. बाजाराच्या दिवशी जनावरांचे टेम्पो, भाजीच्या पाट्या आणि दुचाक्या यांतून 23 फुटी गाडी वळत नाही. फाटकावरून वडाप (शेअर जीप) मिळतं. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळाकडे जायचं तरी एसटी किंवा वडापच बरं, पेठांतल्या गल्ल्या या गाडीसाठी नाहीत. तळापासून पायी पंधरा मिनिटांवर गुऱ्हाळ आहे, तिथे मात्र जाच. चुलवाणात चिपाडं पेटलेली, काहिलीत रस उकळतोय आणि गुळव्या (गूळ करणारा) भेंडीच्या पाण्याने मळी वर आणून झाऱ्याने काढतोय, हे जवळून बघायला मिळतं. पिवळाधमक गूळ मागू नका, तो रंग बऱ्याचदा हायड्रोस नावाच्या रसायनाचा असतो. तपकिरी घ्या. काकवी गरमच ओततात, म्हणून काचेची बाटली न्या, पातळ प्लास्टिक आकसतं. गुळाचा रवा (ढेप) गाडीत कागदात गुंडाळून फ्रीजबाहेर ठेवा. दुपारच्या उन्हात त्याला पाणी सुटतं, म्हणून खिडकीशी नको.

भाडं रात्रीचे 800 रुपये, वीज वेगळ्या मीटरवर युनिटप्रमाणे. आकडा येताना आणि जाताना फोटो काढून ठेवा, वाद होत नाही. संडास-बाथरूम दोन-दोन, स्वच्छ, गरम पाणी बंबाचं आणि सकाळी सहा ते नऊच. दूध समोर काढून देतात.

फोनवर जागा ठरवताना दोन किंवा तीन नंबर मागा. मीटर जवळ असल्याने व्होल्टेज बरं मिळतं आणि नळपाण्याचा पाइप पोहोचतो. एक नंबर गोबरगॅसला चिकटून आहे. सात आणि आठला झाडाची सावली चांगली, पण एसीवाल्यांनी तिथे जाऊ नये, बॅटरी-पंख्यावाल्यांनी खुशाल जावं. निघताना आधी एमसीबी पाडा, मग प्लग काढा, मग फळ्या. आणि ती वायर अजून साडेअकरा फुटांवरच आहे ना, ते जातानाही एकदा बघा.