डबल मार्कर की एनआयपीटी?
गेल्या वर्षी वहिनीच्या डबल मार्करच्या, म्हणजे गरोदरपणाच्या सुरुवातीला होणाऱ्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर १:१८० असा आकडा आला, खाली लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’. आईने देवापुढे दिवा लावला, दादाने रात्रभर इंटरनेट पालथं घातलं. सकाळी डॉक्टरांनी समजावलं: असा आकडा आलेल्या १८० जणी समोर बसवल्या, तर त्यांतल्या १७९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा जन्मजात दोष) नसतो. वहिनी तेव्हा कुठे जेवली.

हाच धोका शोधणारी दुसरी तपासणी म्हणजे एनआयपीटी. दोन्हींत आईच्या दंडातूनच रक्त घेतात, शोधतात मात्र वेगवेगळं. डबल मार्करमध्ये पॅप-ए आणि बीटा एचसीजी हे आईच्या रक्तातले दोन घटक मोजतात. त्यात आईचं वय आणि एनटी सोनोग्राफीतलं बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराचं माप धरून शक्यतेचं गणित मांडतात. फॉर्मवर वजन, जन्मतारीख किंवा बाळाची लांबी चुकीची पडली की गणितही चुकतं. म्हणून भरलेला फॉर्म स्वतः वाचा, नर्सवर सोडू नका.

एनआयपीटी डीएनए वाचते. बाळाच्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात फिरतात, हे डेनिस लो यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं आणि पुढे त्यातूनच ही तपासणी आली. दहाव्या आठवड्यापासून ती करता येते.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५,८४१ गर्भवतींची दोन्ही पद्धतींनी तपासणी झाली. डाऊन सिंड्रोम असलेली बाळं ३८ होती. एनआयपीटीने ३८ च्या ३८ ओळखली, एनटी आणि रक्ताच्या नेहमीच्या तपासणीने ३०. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा: बाळाला डाऊन नसताना धोक्याचा रिपोर्ट हाती पडलेल्या बायका एनआयपीटीत ९, तर नेहमीच्या तपासणीत ८५४. आमच्या घरातली ती रात्र या ८५४ घरांतही गेली असणार.

मग सगळ्यांनी एनआयपीटीच का करू नये? एक तर पैसा. डबल मार्कर दोन-तीन हजारांत होते, एनआयपीटीला बहुतेक ठिकाणी दहा हजारांच्या वर लागतात. दुसरं, ते डीएनए खरं तर वारेतून आलेलं असतं. वार आणि बाळ यांच्या पेशी क्वचित वेगळ्या निघतात, त्यामुळे एनआयपीटीत दोष दिसला तरी गर्भजल तपासणीशिवाय (बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून तपासल्याशिवाय) कोणताही निर्णय घ्यायचा नाही. आईचं वजन जास्त असेल तर कधी कधी रिपोर्टच येत नाही, रक्त पुन्हा द्यावं लागतं. बाळ मुलगा की मुलगी हेही त्यातून कळू शकतं, पण १९९४ च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे. विचारूच नका.

माझं मत स्पष्ट आहे. एनटी सोनोग्राफी कोणीही चुकवू नये, कारण हृदयाचे किंवा शरीररचनेचे दोष रक्तात दिसत नाहीत. एनटी चांगली आणि वय कमी असेल तर डबल मार्कर पुरे. आकडा वहिनीसारखा, ‘हाय रिस्क’ लिहिलेला असूनही अधल्यामधल्या टप्प्यात आला, किंवा वय ३५ च्या पुढे आहे आणि खर्च झेपतोय, तर एनआयपीटी. एनटीच ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर एनआयपीटीवर पैसे आणि दिवस घालवू नका. थेट गर्भजल किंवा वारेच्या तपासणीबद्दल बोला.

दिवस मोजूनच चाला. एनटीची वेळ तेराव्या आठवड्याच्या शेवटी संपते, एनआयपीटीच्या रिपोर्टला आठवडा-दहा दिवस लागतात, गर्भजल पंधराव्या आठवड्यानंतर काढतात आणि त्याच्या पूर्ण रिपोर्टला आणखी दोन-तीन आठवडे जातात. सोनोग्राफीची तारीख बाराव्या आठवड्याची घ्या.