बेळगावच्या डांबरावर रोलर स्की: नाव नंतर बघा, चाक आधी बघा

रोलर स्की म्हणजे दोन-अडीच फुटांची पट्टी, पुढं एक चाक, मागं एक चाक, मधे बुटाचा पुढचा भाग अडकवायचं बाइंडिंग, टाच मोकळी. ब्रेक नाही. बर्फ नसतो तेव्हा क्रॉस-कंट्री स्कीवाले, म्हणजे बर्फावर लांब पल्ल्याच्या शर्यती करणारे, याच जोडीवर घाम गाळतात. ट्रॉन्डहाइमच्या २०२५ च्या नॉर्डिक जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या सहाच्या सहा क्रॉस-कंट्री शर्यतींत सोनं मिळवणारा नॉर्वेचा योहानेस क्लेबोही उन्हाळ्यात अशाच चाकांवर असतो. स्की जंपिंगचा उन्हाळी सराव प्लास्टिकच्या चटयांवर पाणी मारून होतो, त्याला आख्खा डोंगर आणि उडीचा मनोरा लागतो. ते आपल्या आवाक्यातलं नाही, सोडून देऊ. कर्नाटकातूनच कोडगूची भवानी तेक्कडा नंजुंडा आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्री शर्यतींत उतरते आणि कोडगूतही बर्फ पडत नाही. त्यामुळं 'इथं घेऊन करायचं काय' हा प्रश्न बाजूला ठेवून घ्यायचं कुठलं ते बघू.

रोलर स्कीचे प्रकार दोन: स्केट, म्हणजे स्केटिंगसारखा पाय तिरपा बाहेर ढकलायचा, आणि क्लासिक, म्हणजे दोन्ही स्की सरळ समांतर ठेवून मागं लाथ मारायची. स्केट जोडीची चाकं मोठी आणि अरुंद: व्यास १०० मिमी, रुंदी २४ मिमीच्या आसपास. क्लासिक जोडीची चाकं लहान, पण ४० ते ५० मिमी रुंद, आणि त्यातल्या एका चाकात रॅचेट, म्हणजे ते फक्त पुढं फिरतं. बेळगावात स्केटिंग रिंकवर वाढलेली पोरं डोळे झाकून स्केट जोडी मागवतात. रिंकवर ठीक आहे. रस्त्यावर २४ मिमीचं चाक काँक्रीटच्या दोन पाट्यांमधल्या फटीत बसतं आणि माणूस पुढं जातो, स्की तिथंच राहते. आमचं मत स्पष्ट आहे: इथल्या रस्त्यांसाठी पहिली जोडी क्लासिक घ्या, पट्टी कंपोझिटची घ्या. अ‍ॅल्युमिनियम स्वस्त आणि टिकाऊ, पण खडबडीत डांबराचा थरथराट थेट तळपायात आणतं. दहा किलोमीटरनंतर बोटं बधिर.

क्लासिकमध्ये एक खोट आहे, ती कुठलाच विक्रेता सांगत नाही. रॅचेटमुळं पायाची लाथ कशीही, कितीही उशिरा मारली तरी पकड मिळते. बर्फावर तसं नसतं. वजन वेळेत खाली दाबलं नाही तर स्की मागं घसरते. म्हणून नुसत्या रोलरवर शिकलेल्यांची लाथ हमखास उशिरा पडते. उपाय म्हणून आठवड्यातला एक सराव फक्त डबल पोलिंगचा ठेवा, दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) एकदम, लाथ नाहीच. आणि चाक बदलताना रॅचेटची दिशा तपासा. ते उलटं बसलं तर स्की मागंच पळते, पुढं अडते.

आता चाकांचा वेग. रबराच्या चाकांना साधारण १, २, ३ असे क्रमांक असतात. १ पळणारं, ३ हळू. नवशिक्याला १ झकास वाटतं, पण ब्रेक नसलेल्या वस्तूला पळणारं चाक कशाला? २ किंवा ३ घ्या. रबर तापलं की तेच चाक जास्त पळतं, त्यामुळं पहिल्या पंधरा-वीस मिनिटांची वेळ आणि नंतरची वेळ यांची तुलना करू नका. एप्रिलमध्ये दुपारच्या डांबरावर तर ३ नंबरही २ सारखं वागतं.

पार्सल आलं की एक चाचणी करा. गुळगुळीत फरशीवर रिकामी स्की सरळ ढकला, तीन मीटर जाऊ द्या. एका बाजूला ओढली तर अ‍ॅक्सल तिरका आहे, लगेच परत करा. वापरलेली परत घेत नाहीत. बाइंडिंग आधीच बसवून मागवा. एनएनएन, प्रोलिंक आणि टर्नामिक या बाइंडिंगांचे बूट एकमेकांत चालतात, जुन्या एसएनएस बाइंडिंगचे चालत नाहीत. बूट थंड देशासाठी शिवलेले, आतून अस्तर. पातळ मोजे घाला आणि घरी आल्यावर आतला तळ काढून वाळवा.

खरा खर्च पोलवर होतो, आणि तिथंच लोक हात आखडतात. बर्फाचं टोक डांबरावर चालत नाही. कार्बाइडचं टोक लागतं आणि ते दर चार-पाच सरावांनी डायमंड कानशीनं धार लावून घ्यावं लागतं. बोथट टोक घसरलं की सगळा झटका कोपरावर येतो. टोक गरम ग्लूनं चिकटवलेलं असतं, बदलायचं तर उकळत्या पाण्यात धरा. कार्बनच्या नळीला लायटर लावू नका. पोलच्या लांबीला क्लासिकच्या शर्यतींत नियम आहे, बुटासह उंचीच्या ८३ टक्के, त्याच्या वर नाही. बुटासह १७० सेंमी भरणाऱ्या माणसाला साधारण १४१ सेंमी. स्केटला ८९-९० टक्के.

शहरातले नवे काँक्रीटचे रस्ते दिसायला छान, पण त्यावर कार्बाइडही रुतत नाही, नुसतं टकटकतं. जुनं डांबर हवं. कॅम्पमधले झाडीतले रस्ते पहाटे बरे, मात्र पोलच्या आवाजानं कुत्री जमतात. पळू नका, थांबा, पोल खाली टेकवून उभे राहा. चढाच्या सरावाला राजहंसगडाचा रस्ता आहे. रविवार सोडून जा, चढायचं स्कीवर आणि उतरायचं स्की हातात घेऊन, यात तडजोड नाही. चोर्ल्याचा घाट डोक्यातसुद्धा आणू नका. निपाणी, चिकोडी, अथणी भागात कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांतून पडलेली कांडी रस्त्यावर पसरतात. चाकाखाली एक कांडकं आलं तरी चाक जागीच थांबतं, म्हणून तिकडं गळीत हंगामात रोलर स्की नकोच. हेल्मेट, गुडघ्याची पॅडं आणि चमकणारं जाकीट ही सोय नाही, अट आहे.

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती बेअरिंगमध्ये शिरते. हाताने फिरवल्यावर चाक करकरलं तर धुवत बसू नका, बेअरिंग बदला. बऱ्याच जोड्यांत साध्या रोलर स्केटच्या चाकातलंच ६०८ नंबरचं असतं (८×२२×७ मिमी), काहींत ६००१ (१२×२८×८). जुनं काढून दुकानात न्या. दोन्ही बाजूंनी रबर सीलवालं मागा. इथं एक चूक वारंवार होते: दोन बेअरिंगमधला छोटा स्पेसर काढताना पडतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि बोल्ट आवळला की चाक जाम. स्पेसर हरवला तर उद्यमबागेत लेथवर करून मिळेल, पण दुसऱ्या चाकातला नमुना व्हर्नियरनं मोजून द्या. अर्धा मिमी कमी झाला तरी आवळताना बेअरिंगवर बाजूनं ताण येतो आणि ते लवकर जातं. अंदाजे केलेला स्पेसर घेऊ नका, मिस्त्री कितीही 'बसतंय की' म्हणाला तरी.

स्केट जोडी घेतलीच असेल तर चाकं आतल्या कडेनं झिजतात. कड तिरपी दिसायला लागली की डावी-उजवी अदलाबदल करा. युरोपात मध्यम जोडी २०० ते ४०० युरोंना मिळते, त्यावर पाठवणी आणि कस्टम. चाकांचा एक जादा संच त्याच पार्सलमध्ये मागवा. नंतर नुसत्या चाकांसाठी वेगळी पाठवणी भरायची म्हणजे घोड्यापेक्षा नालच महाग.