दोष सिद्ध करा, की थेट भरपाई द्या?

उपचारात इजा झाली तर अमेरिका, इंग्लंड, भारत अशा बहुतेक देशांत रुग्णाला आधी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. न्यूझीलंडने १९७४ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे सरकारी अपघात भरपाई योजना पैसे देते आणि नुकसानभरपाईचा दावा सहसा कोर्टात लावता येत नाही. २००५ पासून तर डॉक्टरची चूक दाखवण्याचीही अट नाही. इजा उपचारामुळे झाली आणि ती उपचाराचा नेहमीचा परिणाम नसेल, एवढं पुरे.

रुग्णालयाच्या कारभारात हा फरक लगेच जाणवतो. दाव्याची भीती असली की नोंदी चोख राहतात, संमतीपत्रं नीट भरली जातात. हा फायदा खराच. पण त्याच भीतीने गरज नसलेल्या तपासण्या लिहिल्या जातात. प्रसूती आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेसारख्या विभागांचा विमा महागतो. सर्वांत वाईट म्हणजे, काही बिघडलं की डॉक्टरांनी नातेवाइकांशी बोलायचं त्याच वेळी त्यांना अनेकदा गप्प राहायला सांगितलं जातं. मग चूक दडते आणि पुढच्या रुग्णाच्या वाट्याला येते.

दोषविरहित, म्हणजे चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या पद्धतीत पैसे तुलनेने लवकर मिळतात, रक्कम मात्र बेताची असते. डॉक्टरांवरचा धाक कमी होतो, हा आक्षेपही रास्त आहे. न्यूझीलंडमध्ये मात्र तक्रारींच्या चौकशीसाठी स्वतंत्र आयुक्त आहे. अशी चौकशी कडक असेल, तर मी निःसंशय दोषविरहित पद्धतीच्या बाजूने आहे. तशी चौकशी नसेल, तर कोर्टाचा दरवाजा बंद करू नये.